सुभेदारांचं रोम

मे महिन्यातली दुपार होती. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले होते आणि प्रमोदचा फोन आला. प्रमोद म्हणजे सुभेदार दोधू बच्छाव यांचा मुलगा. "मॅडम, अण्णा गेले," एवढंच तो आधी म्हणाला, मग हळूहळू बाकीचं सांगितलं. सकाळी नेहमीसारखे फिरून आले होते, चहा घेतला होता, पेपर वाचता वाचता खुर्चीतच मान कलली... डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. अंत्यविधी देवळाली कॅम्पात न करता सटाण्याजवळच्या त्यांच्या गावी करायचा, असं ते सांगून ठेवून गेले होते. गाडी निघालीसुद्धा होती. मला पोचणं शक्य नव्हतं. फोन ठेवला तेव्हा समोरच्या उत्तरपत्रिकेत कुणीतरी रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणं ओळीनं मांडली होती. मला पुढचं वाचवेना. गठ्ठा तसाच बांधून ठेवला.

त्याला आता दीडेक महिना झाला. या दिवसांत सुभेदार सारखे आठवत राहिले, आणि आठवण निघाली की ती हटकून त्या रविवारच्या वर्गात जाऊन थांबते. १९९३ किंवा ९४ साल असावं. नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. करणाऱ्यांसाठी आमच्या कॉलेजात रविवारी सकाळी तास होत. बँकेतले कारकून, प्राथमिक शाळेतले शिक्षक, बढतीसाठी पदवी हवी असलेली मंडळी. त्यांच्यात पहिल्या बाकावर पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ बसायचे. कडक इस्त्रीची पँट, चकचकीत बूट, बारीक कापलेले केस. मी वर्गात शिरले की ते ताडकन उभे राहायचे आणि त्यांच्याकडे बघून बाकीच्यांनाही उठावं लागायचं. तोफखान्यातून निवृत्त झालेले. शेवटची काही वर्षं देवळालीलाच उस्ताद, म्हणजे नव्या जवानांचे शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर कॅम्पातच एक छोटं घर घेऊन राहिले होते. बी.ए. त्यांनी फौजेत असतानाच केलं होतं. आता कुठल्याही बढतीची गरज नसताना ते इतिहासात एम.ए. करायला आले होते. का, असं विचारल्यावर म्हणाले, "तीस वर्षं नकाशे वाचले, मॅडम. त्या नकाशांवरची माणसं राहून गेली."

त्या दिवशी विषय होता प्राचीन रोमचा नागरिक. मी पुस्तकातलंच सांगत होते. आधी फक्त रोम शहरातले लोक नागरिक, मग इटलीतले, मग हळूहळू प्रांताप्रांतातले. परक्या मुलखातून भरती झालेला शिपाई पंचवीसएक वर्षं चाकरी करून सुटला की त्यालाही नागरिकत्व मिळायचं. शेवटी तर एका सम्राटानं साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्याच स्वतंत्र माणसांना रोमन करून टाकलं. सुभेदारांनी हात वर केला आणि उभे राहिले.

"मॅडम, एक शंका आहे. तो शिपाई कागदावर रोमन झाला. पण घरी बायकोशी कोणत्या भाषेत बोलायचा?"

वर्ग हसला. सुभेदार हसले नाहीत. मीही हसले नाही, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी रोम शिकवत होते ते सम्राट, लढाया आणि कायदे यांचं. त्या शिपायाच्या घरात मी कधी डोकावलेच नव्हते. "बघून सांगते," म्हणाले. आणि खरोखरच दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जाऊन ग्रंथालयात बसले.

पुढची तीन-चार वर्षं आम्ही दोघांनी मिळून जे वाचलं, त्याला अभ्यास म्हणायचं की नाद म्हणायचं, कुणास ठाऊक. सीरियातले, स्पेनमधले, डॅन्यूबकाठचे तरुण रोमच्या फौजेत शिरत. लॅटिन शिकत, लॅटिन धाटणीची नावं घेत. आणि मग निवृत्त होऊन कुठल्या तरी तिसऱ्याच प्रांतात छावणीबाहेर घर बांधून राहत. हे वाचताना सुभेदार मधेच पुस्तक मिटून म्हणायचे, "म्हणजे देवळाली कॅम्पच की." एकदा आम्ही पांडवलेण्यांवर गेलो होतो. तिथल्या एका लेण्यात दान देणाऱ्यानं आपण उत्तरेकडचे यवन, म्हणजे ग्रीक, असल्याचं कोरून ठेवलं आहे. त्याचं नाव मात्र अगदी आपल्याकडचं, बापाचंही तसंच. सुभेदार त्या अक्षरांखाली कितीतरी वेळ उभे होते. "नाव बदललं, धर्म बदलला, मुलूख बदलला," ते म्हणाले, "तरी कुठला ते सांगायचं विसरला नाही."

अशा नादात परीक्षेचं व्हायचं तेच झालं. पहिल्या वर्षी रोमच्या पेपरात ते नापास झाले. सम्राटांच्या सुधारणांवर टिपा मागितल्या होत्या आणि यांनी शिपायांच्या थडग्यांवर पानंच्या पानं लिहिली होती. मला वाईट वाटलं. त्यांना फारसं वाटलेलं दिसलं नाही. "पहिला गोळा चुकतोच, मॅडम. रेंज सुधारायची आणि पुन्हा टाकायचा," म्हणाले आणि पुढच्या वर्षी मागितलेलं तेवढंच लिहून पास झाले.

सुभेदारांचं बोलणं अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठी होतं. मधूनच फौजी हिंदी डोकावायची. ते बागलाणातले, घरची बोली अहिराणी, हे मला बरेच दिवस कळलंही नाही. कळलं तेही त्यांनीच एकदा हसत हसत सांगितलं म्हणून. भरती झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हजेरीच्या वेळी कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. तो पोरगा यांच्याच मागे उभा होता. हे पटकन म्हणाले, "तो आठे शे." म्हणजे तो इथे आहे. अख्खी बराक हसली. पुढे कितीतरी महिने त्यांचं नाव 'शेशे' पडलं होतं. "मग मी ते 'शे' टाकूनच दिलं," सुभेदार म्हणाले. ते हसत होते म्हणून मीही हसले.

त्यांच्या घरी मात्र मी पहिल्यांदा गेले ती एका पुस्तकामुळे. रोमन थडग्यांच्या छायाचित्रांचं एक मोठं पुस्तक मला पुण्याहून थोड्या दिवसांसाठी मिळालं होतं आणि ते त्यांना दाखवायचं होतं. देवळाली कॅम्पातलं दोन खोल्यांचं घर, पुढे छोटी बाग, जाळीच्या दारावर पितळी नावपाटी. त्यांच्या पत्नी केवळबाई दाराशी आल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत नुसत्या हसल्या, पाणी ठेवलं आणि आत गेल्या. चहा आणला, पोहे आणले, तरी एक शब्द नाही. मी काही विचारलं की मान हलवायच्या आणि उत्तर सुभेदार द्यायचे. मला वाटलं, स्वभाव असेल.

पुस्तकात एका पानावर सुभेदार थांबले. ब्रिटनमध्ये, साम्राज्याच्या उत्तर हद्दीवरच्या रोमन छावणीजवळ सापडलेली शिळा होती. तिच्यात एक बाई खुर्चीवर बसलेली कोरली आहे. मांडीवर लोकर कातायची चाती, एका बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली, दुसऱ्या बाजूला दागिन्यांची पेटी. चेहरा तेवढा काळानं झिजवून टाकलाय. शिळा उभारली ती तिच्या नवऱ्यानं. तो सीरियातल्या पाल्मिराचा. फौजेत होता की फौजेला झेंडे विकणारा होता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बाई तिथलीच, ब्रिटनमधल्या एका टोळीतली. आधी त्याची गुलाम होती. त्यानं तिला मुक्त केलं आणि तिच्याशी लग्न केलं. तिशीतच ती गेली. हे सगळं त्यानं रीतसर लॅटिनमध्ये कोरून घेतलं. आणि त्याखाली एक ओळ त्याच्या स्वतःच्या लिपीत, पाल्मिराच्या भाषेत. तिचं नाव, आपलं नाव, आणि शेवटी एक शब्द, ज्याचा अर्थ 'हाय' एवढाच होतो.

"ही ओळ तिथे कोण वाचणार होतं?" सुभेदारांनी विचारलं.

"कुणीच नाही बहुतेक. त्या छावणीत त्याच्या गावचे फार थोडे असतील."

"मग वरचं लोकांसाठी. आणि हे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

कपबशा न्यायला आलेल्या केवळबाई टेबलाशी थबकल्या होत्या. त्या चित्राकडे वाकून बघत त्यांनी हळूच विचारलं, "बाई कोठली शे?"

मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. लगेच त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पदर ओढला आणि आत निघून गेल्या. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा समजलं नाही. सुभेदार मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. नेहमी झपझप चालणारा माणूस त्या दिवशी रेंगाळत चालला होता. स्टॉपवर पोचल्यावर ते म्हणाले, "ती फार बोलकी होती, मॅडम. गावात विहिरीवर तिचा आवाज सगळ्यांत वर असायचा."

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर त्यांना पंजाबात फॅमिली क्वार्टर मिळालं. एकदा बायकांचा काही कार्यक्रम होता. एका साहेबांच्या पत्नीनं चौकशी केली आणि केवळबाईंनी मोकळेपणानं अहिराणीत उत्तर दिलं, अगदी हातवारे करून. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुभेदारांना, तेव्हा ते साधे हवालदार होते, पुन्हा ती बराक आठवली. घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "नीट बोलता येत नसेल तर गप्प बसत जा."

"ती एका शब्दानं भांडली नाही," ते म्हणाले. "गप्प बसायला लागली. पोरगा झाला, त्याच्याशीही मोडकंतोडकं मराठीच बोलली. मी म्हटलं होतं ना, पोराला त्रास नको. बदल्या झाल्या, निवृत्त झालो, इथे आलो. मला वाटायचं तिचा स्वभावच तसा झाला. आज तिनं तुमच्यासमोर तोंड उघडलं आणि माझ्याकडे कसं बघितलं, पाहिलंत ना? ती मला घाबरली, मॅडम."

बस आली. मी चढून खिडकीशी बसले. ते मात्र हात जोडून तिथेच उभे राहिले.

त्यानंतर सुभेदारांनी एक उद्योग सुरू केला. ते घरात केवळबाईंशी अहिराणीत बोलायला लागले. गंमत अशी की त्यांना ती नीट येईना. इतकी वर्षं दाबून ठेवलेली भाषा जिभेवर येताना हिंदीत नाहीतर मराठीत वळायची. पहिले काही दिवस केवळबाईंना वाटलं, नवरा आपली टिंगल करतोय. त्या आणखीनच मिटल्या. मग एके दिवशी म्हणे सुभेदारांनी बाजारातून आणलेल्या कुठल्याशा भाजीचं नाव असं काही चुकवलं की त्या हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी ते दुरुस्त केलं. तिथून गाडी रुळावर आली. मी पुढच्या वेळी गेले तर जाळीचं दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला, "ये वं माय, बठ." आणि मी बसल्यावर त्या जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. मला अर्धंच कळत होतं. सुभेदार मधे पडून उलगडून सांगायला गेले की त्यांना हातानं थोपवायच्या. उस्तादांना घरातच उस्ताद मिळाला, असं मी म्हटलं तर सुभेदार लाजले.

ती सात-आठ वर्षं त्या दोघांची सगळ्यात चांगली वर्षं असावीत. एम.ए. झालं, सेकंड क्लास मिळाला. पुढे डॉक्टरेट करावी असं मी सुचवलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. रोमच्या प्रांतांमधल्या शिपायांवर वाचत राहिले, केवळबाईंना गोष्टीसारखं सांगत राहिले. केवळबाईंना त्या शिपायांपेक्षा त्यांच्या बायकांची काळजी जास्त. त्या काय रांधत, आईबापाकडे कधी जात, असले प्रश्न त्या विचारायच्या आणि ते घेऊन सुभेदार माझ्याकडे यायचे.

२००३ च्या हिवाळ्यात केवळबाई गेल्या. पोटाचा आजार होता, कळला तेव्हा उशीर झाला होता. दहाव्याच्या आदल्या दिवशी सुभेदार स्वतः एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले आणि निधनाची जाहिरात देऊन आले. फोटो, नाव, गाव, शोकाकुल परिवार, सगळं नेहमीसारखं. खाली एक ओळ जास्त होती : 'तुन्हाबिगर माले करमत नही.' काउंटरवरचा माणूस भला होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याच्या हातून शुद्धलेखनाच्या चुका झाल्यात. त्यानं त्या नीट करून टाकल्या. सकाळी पेपरात छापून आलं : 'तुझ्याशिवाय मला करमत नाही.'

मी दहाव्याला रामकुंडावर गेले तेव्हा सुभेदार पायरीवर बसले होते, हातात तो पेपर. शेजारी प्रमोद त्यांची समजूत घालत होता. "अण्णा, अर्थ तर तोच आहे ना?"

"अर्थ तोच आहे," सुभेदार म्हणाले. "पण हे मी तिला म्हटलेलं नाही. हे कुणीतरी दुसराच म्हणतोय."

सगळं पार पडल्यावर ते तडक त्या कचेरीत गेले. मी आणि प्रमोद सोबत होतो. मला वाटलं, भांडतील. त्यांनी पेपर पुढे केला आणि शांतपणे म्हणाले, "ही चूक नव्हती. ही आमची भाषा आहे. पुन्हा छापा, मी पैसे देतो." काउंटरवरच्या माणसाला कसंनुसं झालं. त्यानं पैसे घेतले नाहीत. ओळ अक्षर न् अक्षर लिहून घेतली, सुभेदारांना परत वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी ती जशीच्या तशी आली. पुढे सटाण्याकडून, मालेगावकडून ओळखीच्या नसलेल्या माणसांचे फोन आले म्हणे. एका बाईंनी तर नुसतं ती ओळ वाचून दाखवली आणि रडून फोन ठेवून दिला.

वर्षश्राद्धाच्या सुमारास सुभेदारांनी गावात एक व्याख्यान ठरवलं, केवळबाईंच्या स्मरणार्थ. वक्ते तेच, विषय रोमच्या फौजेतले शिपाई. मलाही घेऊन गेले. शाळेच्या हॉलमध्ये माणसं बरी जमली होती. कांद्याचे शेतकरी, बायका, काही निवृत्त जवान. सुभेदारांनी कागद काढला आणि माइकवर शुद्ध मराठीत सुरुवात केली. प्रांत, नागरिकत्व, सांस्कृतिक ओळख... माणसं सभ्यपणे बसून होती, पण मागच्या रांगेत जांभया सुरू झाल्या होत्या. तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि माइक बंद पडला. "ऐकू येत नही," कुणीतरी ओरडलं. सुभेदार कागद टेबलावर ठेवून खाली उतरले, माणसांच्या मधोमध सतरंजीवर बसले आणि पुढचं वाक्य बोलले ते अहिराणीत. मला वाटतं, त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

हॉलमध्ये चुळबुळ झाली आणि मग माणसं सरकून जवळ आली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग त्यासले पेन्शन मिये का?"

"पेन्शन नही, ताम्रपट मिये," सुभेदार म्हणाले. नागरिकत्वाची सनद ब्राँझच्या पत्र्यावर कोरून मिळे, ती त्यांनी अशी एका शब्दात बसवली. निवृत्त जवानांमध्ये हशा पिकला. मग बायकांतून कुणीतरी विचारलं की हे लोक बायका कुठल्या करायचे. सुभेदारांनी त्या शिळेची गोष्ट सांगितली. चाती, टोपली, झिजलेला चेहरा. वरचं लॅटिन आणि खालची ती एक ओळ. सांगून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढे बसलेल्या एका बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "बरं करं बापा त्यानी." बरं केलं त्यानं.

त्यानंतर सुभेदार देवळालीला राहिले तरी महिन्यातून एकदा गावी जायचे. प्रकृती उत्तम होती. आमचं बोलणं फोनवर व्हायचं, पुस्तकं जायची-यायची. मला वाटलं होतं, अजून पुष्कळ वर्षं आहेत...

परवा रविवारी मी प्रमोदकडे जाऊन आले. सुभेदारांच्या खोलीत पुस्तकं तशीच रांगेत लावलेली होती, खिडकीजवळ खुर्ची, पलंगावर घडी घातलेली घोंगडी. गावाहून त्यांची थोरली बहीण आली होती. तिला सगळे जिजी म्हणतात. ती पलंगाच्या कडेला बसून एकटीच काहीबाही बोलत होती, भावाच्या लहानपणचं असावं. प्रमोद दारात उभा होता. मला म्हणाला, "मॅडम, मला सगळं समजतं तिचं. बोलायला गेलो की जीभ अडते. अण्णांनी शेवटी शेवटी खूप प्रयत्न केला माझ्याशी बोलायचा, पण मला लाज वाटायची. चुकेल म्हणून."

तेवढ्यात जिजीनं त्याच्याकडे बघून काहीतरी विचारलं. तो गडबडला. मग अडखळत, अर्धं मराठी आणि अर्धं अहिराणी असं काहीसं बोलला. चुकलं होतं, हे मलासुद्धा कळलं. मला वाटलं, म्हातारी आता हसेल. तिनं त्याला हाताला धरून शेजारी बसवून घेतलं आणि पुढचं सांगायला लागली, भरभर, मधे न थांबता, समोरच्याला प्रत्येक शब्द कळतो याबद्दल मनात काडीची शंका न ठेवता. प्रमोद ऐकत होता. मधेच त्यानं आणखी काही विचारलं. ती उत्तर देत राहिली.

मी चहाचा कप उचलून हळूच बाहेर बागेत येऊन बसले. आतून दोघांचे आवाज येत होते.